बार परत काढताना : ठासणीच्या बंदुकीपासून बुलेट पुलरपर्यंत

मराठीत ‘बार काढणे’ म्हणजे बंदूक उडवणे. या लेखाचा विषय मात्र त्याच शब्दांचा दुसरा, अगदी शब्दशः अर्थ आहे. भरलेला बार न उडवता परत बाहेर काढणे. दारू ओली झाली, बार दोनदा ठासला गेला, गोळी आधी आणि दारू नंतर पडली, किंवा शिपाई पहाऱ्यावरून उतरला आणि बंदूक भरलेलीच राहिली, तर काय करायचं? लढायांच्या वर्णनात पलटणी किती, तोफा किती, कोण कुठल्या बगलेने चाल करून आलं हे सगळं सापडतं. या साध्या प्रश्नाला तिथे सहसा जागा नसते. पण ज्याचा यंत्रांशी रोजचा संबंध आला आहे त्याला विचारा. यंत्र चालतं कसं हे बघावं लागतंच, पण चुकलं तर ते उघडतं कसं हे कळल्याशिवाय ते पुरतं समजत नाही.

बंदूक भरणं ही क्रियाच अशी आहे की चूक झाल्याझाल्या ती झाकली जाते. दारू नळीत गेली, वर गोळी बसली, की आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत ही न दिसणारी चूक नळीतून निघून काडतुसात गेली आणि रणांगणावरून टेबलावर आली. तसतसं ती दुरुस्त करायचं हत्यारही बदललं.

गजाच्या टोकाला काय असायचं

महादजी शिंद्यांसाठी डी बॉयनने १७८४ पासून ज्या कवायती पलटणी उभारल्या, त्यांच्या हातात चकमकीच्या, ठासणीच्या बंदुका होत्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुकाही बनत. पाटण आणि मेडता या १७९० च्या दोन्ही लढायांत या कंपूचा दबदबा राजपुतान्यात बसला तो कवायतीमुळे. आता कवायत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एका रेषेत पावलं टाकणारे शिपाई येतात. पण तिचा खरा गाभा होता बंदूक भरण्याचा ठरलेला क्रम. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू कानापाशी, बाकीची नळीत, मग गोळी आणि कागद, मग गजाने ठासणी. हा क्रम इतका घोटवून घ्यायचा की डोकं बंद पडलं तरी हात चालले पाहिजेत. चांगला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी.

तरी बंदूक दगा देई. १८३४ मध्ये इंग्लंडात वुलिच येथे चकमकीच्या आणि नव्या टोपीच्या बंदुकांची तुलना झाली. प्रत्येकी ६००० बारांत चकमकीची बंदूक ९२२ वेळा पेटली नाही, टोपीची फक्त ३६ वेळा. म्हणजे चाचणीच्या शांत मैदानावरसुद्धा चकमकीचा साधारण साडेसहांतला एक बार फुकट. पावसात, धुरात, घाईत काय होत असेल त्याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

न उडालेला बार काढायला दोन छोटी साधनं असत. ती गजाच्या टोकाला आटे पाडून तिथे बसवली जात. पहिलं म्हणजे वेटोळ्यासारखी वळलेली दुटोकी तार. इंग्रज तिला ‘वर्म’ म्हणजे अळी म्हणत. कागद, चिंधी, बोळा तिच्यात अडकून बाहेर येई. दुसरं म्हणजे ‘बॉल स्क्रू’, अणकुचीदार टोकाचा स्क्रू. गज आत घालून फिरवला की हा स्क्रू शिशाच्या गोळीत रुतायचा, आणि मग गज ओढून गोळी बाहेर काढायची. शिसं मऊ म्हणून हे जमायचं. गोळी लोखंडाची असती तर स्क्रू नुसता वरून घसरला असता.

बंदूक भरलेली आहे की रिकामी हे कळायचं साधनही हाच गज होता. तपासणीच्या वेळी रिकाम्या नळीत गज सोडला की तो तळाला आपटून खणखणतो. बार असेल तर आवाज दबका येतो आणि गज तेवढा वर राहतो. न उघडता आत डोकावायची ही युक्ती लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

गेटिसबर्गच्या बंदुका

चुकीच्या भरणीचा सगळ्यांत मोठा लेखी पुरावा अमेरिकेतून येतो. जुलै १८६३ च्या पहिल्या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला यादवी युद्धातली सगळ्यांत रक्तरंजित लढाई झाली. दोन्ही बाजू मिळून दीड लाखाहून अधिक माणसं होती. लढाईनंतर मैदानावर पडलेल्या बंदुका गोळा करून सरकारी शस्त्रागारात तपासल्या. १८६५ मध्ये लेडली या शस्त्रखात्याच्या अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या लेखात आकडा आहे २७,५७४. (पुढच्या अनेक पुस्तकांत तो ३७,५७४ असा छापला गेला आहे.) त्यांतल्या सुमारे २४,००० बंदुका भरलेल्या निघाल्या. भरलेल्यांपैकी निम्म्यांत दोन-दोन बार होते. एक चतुर्थांश बंदुकांत तीन ते दहा बार होते. नियमाप्रमाणे एकच बार असलेल्या बंदुका उरल्या फक्त एक चतुर्थांश.

तपशील आणखी बोलका आहे. कुठे गोळ्या दोन ते सहा, पण दारू एकाच बाराची. कुठे गोळी तळाशी आणि दारू तिच्यावर. काही नळ्यांत कागदी काडतुसं न फाडता जशीच्या तशी कोंबलेली. एका साध्या नळीच्या बंदुकीत २२ गोळ्या, ६२ छर्रे आणि दारू यांची खिचडी झालेली. आणि एका स्प्रिंगफील्ड रायफलीत तब्बल २३ बार, एकावर एक, अगदी शिस्तीत ठासलेले.

या २३ बारांचा हिशेब मी मांडून पाहिला. स्प्रिंगफील्डची नळी ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटीमीटर. गोळी साधारण एक इंच लांब आणि ३२ ग्रॅम वजनाची. २३ गोळ्यांची नुसती लांबीच ५८ सेंटीमीटर झाली. दारू दर बाराला ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ४ ग्रॅम. एवढ्या व्यासाच्या नळीत ती सव्वादोन-अडीच सेंटीमीटर जागा घेते. गोळीच्या बुडाशी पोकळी असते, तिथे थोडी दारू मावते, ती वजा केली तरी दारूला ४५ सेंटीमीटरच्या आसपास जागा लागते. बेरीज जवळजवळ नळीएवढीच येते. म्हणजे ती बंदूक अगदी तोंडापर्यंत भरलेली होती! शेवटच्या काही बारांना गज जेमतेम वीतभर आत जात असणार. पाचव्या-सहाव्या बारालाच गज एक फूट बाहेर राहिला असणार. त्या शिपायाला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही त्याचे हात थांबले नाहीत.

याचा अर्थ काय लावायचा? काहींनी मानसशास्त्राकडे बोट दाखवलं आहे. माणसाला समोरच्या माणसावर गोळी झाडवत नाही म्हणून तो नुसताच भरत बसतो, असं अमेरिकी लेखक डेव्ह ग्रॉसमन यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. हे काही शिपायांच्या बाबतीत खरं असू शकेल. पण त्याआधी साधं यांत्रिक कारण तपासायला हवं. टोपी लावायची राहिली किंवा टोपीखालचं छिद्र काजळीने बुजलं, तर बार उडत नाही. शेजारी शेकडो बंदुका कडाडत असताना आपलीच उडाली नाही हे कळणं कठीण. शिपाई पुढचा बार ठासतो, आणि एकदा दोन बार झाले की पुढचं सगळं त्याच वाटेने जातं. ज्या कवायतीने हात डोक्याशिवाय चालायला शिकवले, तीच कवायत इथे उलटली.

दुसरी गोष्ट नमुन्याची. मैदानात पडलेली बंदूक म्हणजे मेलेल्या, जखमी झालेल्या किंवा ‘ही चालत नाही’ म्हणून टाकून देणाऱ्या माणसाची बंदूक. ठीक चालणारी बंदूक तिच्या धन्याबरोबर पुढे गेली. दुरुस्तीच्या दुकानात आलेले पंप मोजून गावातले सगळे पंप बिघडलेले ठरवता येत नाहीत, तसंच हे. दर चारांतले तीन शिपाई चुकीचं भरत होते असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. हजारो शिपाई चुकले एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

आणि बॉल स्क्रू कुठे होता? होता ना. पण बंदुकीबरोबरच्या सामानात तो शिपायागणिक नसे, साधारण दहा बंदुकांमागे एक असे. असता तरी गोळ्यांच्या वर्षावात नळीच्या तोंडाशी वाकून, स्क्रू फिरवून, गोळी ओढत कोण बसणार? हे हत्यार छावणीत, सकाळी, चहाच्या वेळी वापरायचं. लढाईत चूक दुरुस्त करायचा एकच मार्ग होता, बंदूक टाकून दुसरी उचलणे.

चूक नळीतून काडतुसात

लेडलीच्या लेखाचा रोख शिपायांना नावं ठेवण्याचा नव्हता. त्याला म्हणायचं होतं की बंदूक मागून भरायची करा. मागून भरायच्या बंदुकीत दोन बार ठासताच येत नाहीत. आधीचा आत असेल तर दुसऱ्याला जागाच नाही. शिवाय मागचं झाकण उघडलं की आत काय आहे ते डोळ्यांना दिसतं. १८६६ मध्ये प्रशियाच्या मागून भरायच्या बंदुकांनी ऑस्ट्रियाच्या ठासणीच्या बंदुकांना धूळ चारली आणि वादच संपला. इंग्रजांनी त्याच सुमारास आपल्या एन्फील्ड बंदुका कापून त्यांना मागून उघडणारं स्नायडरचं झाकण बसवलं. दातांनी फाडायच्या ज्या कागदी काडतुसावरून १८५७ साली आपल्याकडे आग पेटली, ते काडतूस दहा वर्षांत कालबाह्य झालं.

त्याच्या जागी आली धातूची पुंगळी. दारू, गोळी आणि पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, सगळं एकाच बंद नगात. नळी स्वच्छ दिसू लागली, पण चूक नाहीशी झाली नाही. ती पुंगळीच्या आत जाऊन बसली आणि तिच्यावर पितळेचं झाकण आलं. आता बंदूक उघडून उपयोग नव्हता, काडतूस उघडायला हवं होतं.

कारखान्यात बनलेल्या काडतुसाच्या बाबतीत ही काळजी कारखान्याची. पण अमेरिकेत पुंगळ्या पुन्हा भरायची मोठी परंपरा उभी राहिली. १८७० च्या दशकात रानरेड्यांची शिकार करणारे लोक कातड्यांच्या धंद्यासाठी दूर माळावर महिनोन् महिने राहत. पितळी पुंगळी महाग, दारू आणि शिसं त्या मानाने स्वस्त. ते रात्री शेकोटीपाशी शिसं वितळवून गोळ्या ओतत आणि दिवसा वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरत. पुढे १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेक्टिकटमध्ये आयडियल ही कंपनी काढली आणि सांडशीसारखी भरणीची हत्यारं घरोघर पोचवली. यात एक गंमत आहे. पुन्हा भरायला सोपं पडणारं प्रायमर इंग्रज अधिकारी बॉक्सर यांचं, पण ते रुजलं अमेरिकेत. पुन्हा भरायला त्रासाचं प्रायमर अमेरिकन बर्डान यांचं, आणि ते रुजलं युरोपात.

या जुन्या भरणीत एक गोष्ट आपोआप सुरक्षित होती. काळी दारू फुगीर, ती पुंगळीत काठोकाठ भरावी लागे. चुकून दुप्पट टाकायची म्हटली तर सांडणार. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली आणि हे नैसर्गिक कुलूप उघडलं. नवी दारू इतकी जोरकस की थोडीशीच पुरते. ‘.३८ स्पेशल’ या पिस्तुलाच्या काडतुसाचं उदाहरण घ्या. ते १८९८ मध्ये २१ ग्रेनच्या आसपास काळी दारू मावेल असं आखलं. पुढे नेमबाजीसाठी त्यात नवी दारू तीन ग्रेनच्या आतबाहेर टाकू लागले. पुंगळीचा तळ जेमतेम झाकला जातो. दुप्पट पडली, तिप्पट पडली, तरी वरून गोळी व्यवस्थित बसते आणि काडतूस इतरांसारखंच चकाकतं.

उलटी चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही, तर प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आपण ‘फुसका बार’ म्हणतो ते हेच. बोलीत आपण तो शब्द पोकळ बढाईला वापरतो, त्यात हसण्याचा भाग असतो. नेमबाजाला फुसक्या बाराची धास्ती सगळ्यांत जास्त. फुस्स आवाज दुर्लक्षून पुढचा बार काढला की गोळीवर गोळी आपटते आणि नळी फुगते किंवा फुटते. म्हणजे फिरून आपण गेटिसबर्गच्याच नळीत आलो!

हातोडा आणि जडत्व

समजा, टेबलावर पन्नास काडतुसं भरून झाली आणि शेवटी शंका आली की एकात दारू दुप्पट पडली. कुठल्या? वजन करून सांगता येत नाही. पितळी पुंगळ्यांच्याच वजनांत आपसांत दोन-चार ग्रेनचा फरक असतो, शोधायची दारू मात्र तीन ग्रेन. मोजमापाची चूक शोधायच्या वस्तूएवढी असली की तराजू मुका होतो. हलवून आवाज ऐकणं हेही भरवशाचं नाही. उत्तर एकच, पन्नासच्या पन्नास उघडा. त्यासाठी बुलेट पुलर.

त्याचे दोन प्रकार आहेत. एकात भरणीच्या प्रेसवर चिमटा बसवतात. तो गोळीला आवळून धरतो आणि दांडा फिरवला की पुंगळी खाली ओढली जाते. जुन्या बॉल स्क्रूचा हा सरळ वारस, फरक इतकाच की गोळीत न रुतता तिला बाहेरून धरतो. दुसरा प्रकार दिसायला प्लॅस्टिकचा पोकळ हातोडा. काडतूस त्यात गोळी हातोड्याच्या तोंडाकडे येईल असं, पुंगळीची कड पकडून टांगतात. हातोडा लाकडाच्या ठोकळ्यावर आपटला की तो आणि पुंगळी जागच्या जागी थांबतात. गोळी जड, ती थांबायला तयार नसते, जडत्वाने पुढे सरकते. दोन-चार ठोक्यांत ती सुटते आणि दारूसकट हातोड्याच्या पोटात पडते.

यातलं गणित शाळेतलंच आहे. हातोड्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि थांबायला अंतर १ मिलिमीटर धरलं, तर १० ग्रॅमच्या गोळीवर सुमारे १२५ न्यूटन जोर येतो. म्हणजे तिला बारा-तेरा किलोचं वजन बांधून क्षणभर टांगल्यासारखं. साडेतीन ग्रॅमच्या हलक्या गोळीवर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक. म्हणून जड गोळी पटकन सुटते आणि हलकी हात दुखवते. गऊ गादीवर आपटून काही होत नाही, कारण थांबायचं अंतर वाढतं. सैनिकी काडतुसात गोळीभोवती डांबरासारखा लेप असतो. तिथे अनुभवी लोक गोळी आधी प्रेसवर केसभर आत ढकलतात, म्हणजे लेप तडकतो. कडेवर आघात झाला की पेटणारी पॉइंट टू-टूसारखी काडतुसं मात्र या हातोड्यात कधीच घालत नाहीत.

रणांगणावरच्या शिपायाकडे नव्हती ती एकच गोष्ट या टेबलाशी आहे, वेळ. चांगला भरणारा माणूस शंका आली की थांबतो. गोळी, दारू, पुंगळी वेगळी करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. कारखान्यातही हीच क्रिया रोज होते. गोळी पुंगळीतून ओढायला किती जोर लागतो हे प्रत्येक खेपेतले नमुने घेऊन मोजतात. फार सैल असेल तर गोळी हलेल, फार घट्ट असेल तर दाब वाढेल. चूक काढायची क्रियाच तिथे माप झाली आहे.

बंद काडतुसावर माणूस किती आंधळा विश्वास टाकतो याचं क्रूर उदाहरण व्हिएतनाम युद्धात सापडतं. अमेरिकेच्या गुप्त पथकांनी शत्रूच्या बनावटीची काडतुसं उघडली, आतली दारू बदलून स्फोटक घातलं, गोळ्या परत बसवल्या आणि एखाद-दुसरं असं काडतूस शत्रूच्या साठ्यात सोडलं. बंदूक स्वतःच्याच धन्यावर उलटावी आणि त्याचा आपल्या शस्त्रावरचा भरवसा उडावा हा हेतू. बाहेरून दिसत नाही या एकाच गोष्टीवर ती सगळी योजना उभी होती.

आपल्याकडच्या बंद नळ्या

आपल्या देशात पुंगळ्या घरी भरणं हा छंद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे बुलेट पुलर आपल्या ओळखीचा नाही. पण ठासणीची बंदूक अजून आहे. सिंधुदुर्गापासून खानापूरच्या जंगलापर्यंत रानडुकरं आणि माकडं राखायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती घरोघर टांगलेली असते. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि जमा करण्याआधी बार काढावा लागतो. दोन्ही अर्थांपैकी एका अर्थाने.

आपल्या मंडळाच्या कामाचा भाग यापुढे येतो. ग्वाल्हेर-इंदूरच्या सरदारांच्या वाड्यांत, बेळगावच्या देसायांकडे, गोव्यातल्या जुन्या घरांत भिंतीवर बंदुका आहेत. आपण नोंदी करायला जातो, लांबी मोजतो, फोटो काढतो, हौसेने कुणीतरी चाप ओढून बघतो. आत काय आहे ते कुणी विचारत नाही. बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. आजोबांनी डुकरासाठी भरून ठेवलेली बंदूक नातवाच्या काळात भरलेलीच असू शकते.

म्हणून नोंदीच्या फॉर्मात एक रकाना वाढवावा असं माझं सुचवणं आहे. बंदुकीचं तोंड माणसांपासून दूर, चापाला हात नाही. बाहेरून तोंडापासून कानापर्यंतचं अंतर मोजा. मग लाकडी काठी हलक्या हाताने आत सोडा, ठोकू नका, आणि ती किती खोल गेली ते मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर नळी रिकामी. काठी तीन-चार बोटं आधीच अडली, तर बंदूक भरलेली समजायची, तिथेच थांबायचं, घरच्यांना सांगायचं आणि पोलीस ठाण्याला कळवायचं. गोळी काढायचं काम शस्त्रं हाताळणाऱ्या जाणकाराचं आहे, आपण स्क्रू घेऊन बसायचं नाही. मात्र त्याला एक विनंती जरूर करायची, की गोळीबरोबर निघालेला कागदाचा किंवा कापडाचा बोळा फेकू नका. गोळीचा व्यास, शिशाचं वजन, बोळ्याचा कागद यांवरून ती बंदूक शेवटची कधी आणि कशासाठी भरली गेली याचा अंदाज बांधता येतो, आणि घराण्याच्या दप्तरात तो तपशील बहुधा कुणी लिहिलेला नसतो.